ऐरण, हातोडा आणि आईचा नोकर: विल्यम मार्शलच्या घरची माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाराव्या-तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेलेल्या विल्यम मार्शल या नाइटबद्दल (नाइट म्हणजे चिलखत घालून लढणारा घोडेस्वार योद्धा) वाचताना तुम्हाला त्याच्या बापाचं ते गाजलेलं बोलणं भेटलं: मुलाला खुशाल फाशी द्या, माझ्याकडे ऐरण आहे, हातोडाही आहे, याहून चांगली मुलं घडवीन. मुलगा तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा. ते वाचून तुम्ही विचारलंय की मध्ययुगातले हे उमराव पोटच्या पोरांवर माया करायचे की नाही, त्यांची लग्नं म्हणजे नुसता जमिनीचा सौदा होता का, आणि पाच मुलगे, पाच मुली असलेलं घराणं बाप गेल्यावर 26 वर्षांत संपलं कसं.

मी तीसेक वर्षं पदवीच्या वर्गांना मध्ययुगीन युरोप शिकवला आणि हा मार्शल बहुतेक दरवर्षी वर्गात यायचा. विद्यार्थी तुमच्यासारखेच त्या ऐरणीपाशी अडायचे. मला इतक्या वर्षांत एकच गोष्ट पक्की कळली आहे. या घरांमधली माया एका बाजूला आणि जमीन दुसऱ्या बाजूला ठेवून वाचायला गेलं, तर दोन्ही कळत नाहीत. मुलगा, मुलगी, बायको, भाऊ, मामा ही सगळी नाती जमिनीच्या कुठल्या तरी तुकड्याला बांधलेली होती, आणि तरीही ती नातीच होती. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून सगळं घरच उलगडून दाखवतो.

आधी आपल्याला हे सगळं कसं माहीत, ते. विल्यम 1219 साली वारला. त्यानंतर काही वर्षांतच त्याच्या थोरल्या मुलाने बापाचं चरित्र लिहवून घेतलं. इंग्लंडमधल्या फ्रेंचमध्ये, पद्यात, 19,214 ओळींचं. बरीचशी माहिती पुरवली ती जॉन ऑफ अर्ली या त्याच्या विश्वासू नाइटने. तो कोवळ्या वयापासून विल्यमच्या पदरी होता. हे हस्तलिखित पुढे कित्येक शतकं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. 1861 मध्ये लंडनच्या एका लिलावात ते एका फ्रेंच अभ्यासकाच्या नजरेला पडलं आणि 1891 ते 1901 या काळात छापून आलं. राजाचं नाही, संताचं नाही, एका साध्या उमरावाचं त्या काळातलं चरित्र मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. अर्थात घरच्यांनीच लिहवून घेतलेलं असल्यामुळे ते स्तुतीकडे झुकतं. पण माझ्या मते कुटुंबाबद्दलच्या प्रश्नाला हाच त्याचा मोठा गुण आहे. त्या घरात कोणत्या आठवणी पुन्हा पुन्हा सांगितल्या जायच्या, ते त्यातून कळतं. ऐरणीचं बोलणंही फक्त याच चरित्रात आहे, घटनेनंतर सत्तरेक वर्षांनी लिहिलेलं. म्हणजे ज्याला फाशी द्यायची होती, त्यानेच म्हातारपणी आपल्या माणसांना ही गोष्ट सांगितलेली असणार.

आता 1152 साल. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण सम्राज्ञी मटिल्डा यांच्यात यादवी चालू होती. विल्यमचा बाप जॉन हा मटिल्डाच्या बाजूचा. अतिशय चिवट माणूस. 1141 मध्ये व्हेरवेलच्या मठातल्या चर्चमध्ये शत्रूने त्याला कोंडून आग लावली, वितळलेलं शिसं चेहऱ्यावर पडून एक डोळा गेला, तरी तो शरण आला नाही. न्यूबरी इथल्या त्याच्या गढीला स्टीफनने वेढा घातला. आतले उपाशी मरायला टेकले होते. जॉनने राजाकडे थोड्या दिवसांचा तह मागितला, सम्राज्ञीला विचारून गढी सोडतो म्हणाला, आणि तारण म्हणून धाकट्या विल्यमला हवाली केलं. मग त्याच तहाच्या आडून गढीत धान्य आणि ताजी माणसं भरली. राजाने मुलाला फाशी देण्याची धमकी पाठवली, त्यावर जॉनचं ते उत्तर.

मुलाला खरोखरच फाशीच्या जागी नेलं. वाटेत एका अर्लच्या, म्हणजे बड्या उमरावाच्या, हातातला लहान भाला पाहून त्याने तो खेळायला मागितला. स्टीफनला राहवलं नाही, त्याने पोराला उचललं आणि छावणीत परत आणलं. पुढे दगड फेकणाऱ्या यंत्रातून त्याला गढीवर फेकायची भाषा झाली, तर मुलाला वाटलं हा झोपाळाच आहे. अखेर तो राजाच्या तंबूत राहू लागला. जमिनीवर उगवलेल्या, मधोमध ताठ देठ येणाऱ्या एका रानरोपट्याला तिकडची मुलं ‘नाइट’ म्हणायची. एकाने आपला देठ धरायचा, दुसऱ्याने त्यावर मारायचा. इंग्लंडचा राजा आणि ओलीस ठेवलेलं पोर असा खेळ खेळत बसले होते.

यातला पुढचा तपशील सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. खेळ चालू असताना तंबूच्या फटीतून कोणीतरी डोकावत होतं. मुलाने ओळखलं. तो आपल्या घरचा नोकर विल्किन होता, आईने, सिबिलने, लेकरू जिवंत आहे का ते बघायला चोरून पाठवलेला. मुलाने आनंदाने हाक मारली आणि विचारलं, आई कशी आहे, भावंडं कशी आहेत. नोकर जीव घेऊन पळाला, कारण सापडला असता तर त्याचंच मरण होतं. तुम्ही मायेबद्दल विचारलंत ना? बापाच्या तोंडचं वाक्य एवढं गाजलं, आणि आईने माणूस पाठवला हे त्याच पानांत असून झाकलं गेलं.

बापाबद्दलही घाई करू नका. ओलीस ठेवणं हा तेव्हाचा रोजचा व्यवहार होता. आपण गहाणखत करतो तसा. ओलिसाला मारलं तर तारणच संपतं, म्हणून प्रत्यक्षात मारणं क्वचितच व्हायचं. जॉनने स्टीफनला अनेक वर्षं पाहिलेलं होतं आणि हा राजा मुलाच्या गळ्यात दोर घालणार नाही, असा त्याचा हिशेब असावा, असं माझं मत आहे. हिशेब चुकला असता तर? हा प्रश्न मी वर्गात विचारायचो आणि त्याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. एवढं खरं की विल्यम हा चौथा मुलगा होता. जॉनच्या पहिल्या बायकोचे दोन मुलगे, मग सिबिलचे चार. त्यांत विल्यम दुसरा. चौथ्या मुलाच्या वाट्याला जमीन येत नाही, म्हणून ओलीस द्यायची वेळ आली तेव्हा तोच पुढे केला गेला.

सिबिलच्या लग्नाचीही हीच कहाणी. जॉन आणि सॉल्झबरीचा पॅट्रिक हे शेजारी एकमेकांच्या जिवावर उठले होते. भांडण मिटवायला जॉनने पहिल्या बायकोशी काडीमोड घेतला आणि पॅट्रिकची बहीण सिबिल हिच्याशी लग्न केलं. पहिल्या बायकोने पुढे दुसरं लग्न केलं. म्हणजे विल्यमचा जन्मच, सुमारे 1146-47 मधला, एका तहाच्या पोटी झालेला. पण त्याच तहाने त्याला एक मामा दिला, आणि हा मामा पुढे कामाला आला.

‘मार्शल’ हे आडनाव नव्हतं, हुद्दा होता. मूळ अर्थ घोड्यांची देखभाल करणारा. राजाच्या पागेचा, पहाऱ्याचा आणि दरबारातल्या शिस्तीचा प्रमुख. विल्यमच्या आजोबांनी हे पद वंशपरंपरेने चालावं म्हणून न्यायालयात लढून टिकवलं होतं. मराठी वाचकाला वतन म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही, म्हणून इथे तो शब्द मी बिनधास्त वापरतो. मात्र एक फरक ध्यानात असू द्या. आपल्याकडे वतनात भाऊबंदांच्या तक्षिमा पडत. इंग्लंडमध्ये नाइटच्या जमिनीचं तसं नव्हतं. थोरला मुलगा सगळं घेऊन जाई आणि धाकट्यांनी आपलं बघावं. 1165 मध्ये बाप वारला, त्याच सुमारास दोन्ही सावत्र भाऊही गेले, आणि सगळं विल्यमच्या सख्ख्या थोरल्या भावाकडे, जॉनकडे आलं. विल्यमला वीतभरही मिळालं नाही. त्याचा एक भाऊ चर्चमध्ये गेला आणि एक्सेटरचा बिशप झाला. धाकट्यासाठी हाच राजमार्ग होता. दुसरा मार्ग तलवारीचा.

तेरा-चौदा वर्षांचा असताना विल्यमला नॉर्मंडीत (उत्तर फ्रान्समधला, तेव्हा इंग्लंडच्या राजाकडे असलेला प्रांत) आईच्या नात्यातल्या टँकरव्हिलच्या सरदाराकडे धाडलं होतं. तिथे त्याने सातेक वर्षं उमेदवारी केली. घोडे घासणं, चिलखत साफ करणं, जेवणाच्या वेळी वाढणं, आणि शिकणं. खातो फार, झोपतो फार म्हणून लोक त्याला खादाड म्हणून चिडवायचे. 1166 च्या सुमारास द्रँकूरच्या लढाईच्या वेळी तो नाइट झाला आणि पहिल्याच लढाईत उत्तम लढला. फक्त एक गोष्ट विसरला. कोणाला कैद केलं नाही, कोणाचा घोडा धरला नाही. उलट स्वतःचा घोडा मारला गेला. रात्री जेवताना विल्यम द मँडव्हिल सर्वांसमक्ष म्हणाला, मार्शल, मला एक भेट दे, घोड्याचा एखादा पट्टा तरी दे. पोरगा म्हणाला, माझ्याकडे कुठून येणार? तर तो म्हणाला, आज तर तुझ्या हाती चाळीस-साठ लागले होते! सगळे हसले. नाइट होतानाचा झगा विकून विल्यमने भारवाहू घोडा घेतला. शौर्याची किंमत रोकड्यात वसूल करावी लागते, हे त्याला त्या रात्री कळलं.

पुढची पंधरा वर्षं त्याने हा धडा गिरवला. टूर्नामेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन घोडेस्वार समोरासमोर येतात. ते चित्र नंतरच्या काळातलं. विल्यमच्या तरुणपणी टूर्नामेंट म्हणजे उत्तर फ्रान्सच्या शेतांतून, गावांतून कोसभर पसरलेली दोन फळ्यांची लुटुपुटीची लढाई. लुटुपुटीची म्हणायची, पण माणसं मरत. ज्याला पकडलं त्याचा घोडा, शस्त्रं पकडणाऱ्याची, वर सुटकेचे पैसे. विल्यम आणि रॉजर द गॉजी यांनी भागीदारी केली, लूट निम्मी-निम्मी. आणि राजाच्या मुदपाकखान्यातल्या एका कारकुनाने नोंद ठेवली, त्याप्रमाणे एका हंगामात त्यांनी 103 नाइट पकडले. प्लर इथल्या टूर्नामेंटनंतर बक्षीस द्यायला लोक त्याला शोधत फिरले, तर तो लोहाराकडे, ऐरणीवर डोकं ठेवून बसलेला. शिरस्त्राण इतकं चेपलं होतं की निघत नव्हतं. बापाच्या बोलण्यातली ऐरण त्याच्या आयुष्यात अशी एकदा खरोखर आली.

मधल्या काळात मामाने त्याला हात दिला. 1168 मध्ये सॉल्झबरीचा पॅट्रिक राजा हेन्री दुसऱ्याची राणी एलिनोर हिच्यासोबत फ्रान्समधल्या प्वातूमध्ये होता आणि भाचा त्याच्या तुकडीत. लुझिन्यां घराण्याच्या लोकांनी दबा धरून हल्ला केला, मामाला पाठीमागून मारलं. विल्यम कुंपणाला पाठ लावून लढला, मांडीत भाला घुसला आणि पकडला गेला. जखम बांधायला चिंधीही नव्हती. एका अनोळखी बाईने पावाच्या आत लपवून तागाच्या पट्ट्या पाठवल्या. शेवटी राणी एलिनोरने त्याची सुटका विकत घेतली, घोडा दिला, कपडे दिले. दोनच वर्षांत तो तिच्या मुलाच्या, बाप हयात असतानाच राज्याभिषेक झालेल्या धाकट्या राजा हेन्रीच्या पदरी युद्धविद्येचा गुरू म्हणून नेमला गेला. मामाच्या मरणातून भाच्याचं नशीब उघडलं. 1183 मध्ये हा धाकटा राजा बापाविरुद्ध बंड करता करता तापाने गेला. मरताना त्याने आपल्या वतीने जेरुसलेमची यात्रा करण्याचं विल्यमकडून वचन घेतलं. विल्यमने ते पाळलं आणि तो दोन-तीन वर्षांनी परतला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लग्नाचा. चाळिशी उलटलेला विल्यम अजून बिनजमिनीचा आणि बिनलग्नाचा होता. या दोन गोष्टी एकच होत्या. जमीन नाही म्हणून लग्न नाही, आणि जमीन मिळणार ती लग्नातूनच. राजाच्या थेट हाताखालचा सरदार वारला आणि मागे फक्त मुलगी राहिली, तर तिचं पालकत्व आणि तिचं लग्न ठरवण्याचा हक्क राजाचा असे. राजा हा हक्क विकत असे, बक्षीस म्हणून देत असे. यात्रेहून परतल्यावर विल्यमला आधी हेलोइज नावाच्या अशाच एका वारस मुलीचं पालकत्व मिळालं होतं. तिच्याशी लग्न केलं असतं तर उत्तरेतली बऱ्यापैकी जमीन मिळाली असती. त्याने तिला मानाने सांभाळलं, लग्न केलं नाही. तो मोठ्या संधीची वाट पाहत होता, असंच म्हणावं लागतं.

ती 1189 मध्ये आली. म्हातारा राजा हेन्री दुसरा आणि त्याचा बंडखोर मुलगा रिचर्ड यांच्या लढाईत ल माँजवळ पाठलाग करणाऱ्या रिचर्डसमोर विल्यम उभा ठाकला, आणि भाला राजपुत्राच्या छातीत न घालता घोड्यात घातला. काही आठवड्यांनी हेन्री वारला आणि तोच रिचर्ड राजा झाला. सगळ्यांना वाटलं मार्शल संपला. रिचर्डने मात्र बापाने दिलेलं वचन पुरं केलं: इझाबेल द क्लेअर हिचा हात. ती टॉवर ऑफ लंडनमध्ये राजाच्या ताब्यात होती. वय सतराच्या आसपास, विल्यम त्रेचाळीसचा. इझाबेलचे वडील रिचर्ड द क्लेअर, ज्याला लोक स्ट्राँगबो म्हणत. आई ईफा, आयर्लंडमधल्या लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी. म्हणजे इझाबेलसोबत वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टोचा किल्ला, लेन्स्टरचा अख्खा प्रदेश आणि नॉर्मंडीतल्या जमिनीवरचा हक्क आला. विल्यमने लंडनच्या एका व्यापाऱ्याच्या घरी लग्न उरकलं, खर्चही त्या व्यापाऱ्यानेच उचलला, आणि जोडपं काही दिवस सरे परगण्यातल्या एका स्नेह्याच्या वाड्यावर राहिलं. कालपर्यंत पगारी असलेला नाइट त्या ऑगस्टमध्ये देशातल्या पहिल्या पंधरा-वीस धनवंतांत बसला.

सौदा होता का? होता. मुलीला कोणी विचारलं नव्हतं. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण इझाबेलकडे नुसती सौद्यातली वस्तू म्हणून पाहिलं तर तुमची मोठी फसगत होईल. 1207 मध्ये राजा जॉनने, म्हणजे रिचर्डनंतर गादीवर आलेल्या त्याच्या भावाने, विल्यमला आयर्लंडहून इंग्लंडला बोलावलं. ते बोलावणं सापळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, कारण राजाचाच माणूस मेलर फिट्झहेन्री लेन्स्टरवर टपून होता. निघण्यापूर्वी विल्यमने किलकेनीमध्ये आपल्या सरदारांना गोळा केलं आणि गरोदर इझाबेलचा हात धरून तिला त्यांच्यापुढे उभं केलं. तो म्हणाला, त्याचा आशय असा: ही तुमची जन्मजात धनीण आहे, जिच्या बापाने तुम्हाला जमिनी दिल्या त्याची ही मुलगी. तिला सांभाळा. माझं इथे जे काही आहे, ते तिच्यामुळे आहे. मध्ययुगातल्या पुरुषाच्या तोंडचं हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं होतं. तो तिथे कायदा सांगतोय, हे खरंच. लेन्स्टर तिचं होतं, त्याचं नव्हतं. पण भर सभेत ते मान्य करणं सोपं नसतं.

तो गेला आणि हल्ला झाला. किलकेनीला वेढा पडला. इझाबेलने तटावरून दोराने एक माणूस खाली सोडून जॉन ऑफ अर्लीला निरोप धाडला. त्या हिवाळ्यात आयरिश समुद्र इतका खवळलेला होता की बातमी पलीकडे जाईना, आणि राजा जॉन विल्यमला खोटंच सांगत राहिला की तुझी माणसं मारली गेली. प्रत्यक्षात इझाबेलच्या माणसांनी मेलरला हरवून पकडलं होतं. विल्यमने ऐकून घेतलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

या जोडप्याला दहा मुलं झाली: विल्यम, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर, अँसेल्म, मॉड, इझाबेल, सिबिल, ईव्हा, जोन. दहाच्या दहा मोठी झाली. राजघराण्यांतही मुलं पाळण्यात जात, त्या काळात हे नवलच. पैकी सिबिल हे आजीचं नाव आणि ईव्हा हे आयरिश आजीच्या ईफा या नावाचं रूप. घरात कोणाची आठवण धरली होती, ते नावांवरून दिसतं.

आणि मग ऐरणीची गोष्ट उलटून आली. 1204 मध्ये जॉनच्या हातून नॉर्मंडी गेली. नॉर्मंडीतली जमीन वाचवायला विल्यमने फ्रान्सच्या फिलिप राजापुढे शपथ घेतली. जॉन भडकला आणि 1205 मध्ये त्याने थोरल्या मुलाला ओलीस मागितलं. 1207 मध्ये दुसऱ्यालाही, रिचर्डला. इझाबेलला ते मुळीच पटलेलं नव्हतं. विल्यमने दोघांनाही दिलं. स्वतः लहानपणी ज्यातून गेला, त्यात त्याने आपली दोन मुलं घातली आणि पाच-सात वर्षं ती राजाच्या हाती राहिली. हेच मला विद्यार्थ्यांना दाखवायचं असे. या माणसाला त्या खेळातली भीती माहीत नव्हती, असं कोणी म्हणू शकत नाही. पण नकार दिला असता तर तो बंडखोर ठरला असता, आणि मग दहाही मुलांचं सगळंच गेलं असतं. पुढे 1215 मध्ये सरदारांनी जॉनविरुद्ध बंड केलं तेव्हा बाप राजाकडे राहिला आणि थोरला मुलगा बंडखोरांत गेला, मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, अंमलबजावणीसाठी नेमलेल्या पंचवीस जणांत त्याचं नाव आहे. ओलीस ठेवल्याचा राग होता की दोन्ही डगरींवर हात ठेवण्याची घरगुती युक्ती? मला दोन्ही वाटतात.

बालराजाचा कारभारी म्हणूनची विल्यमची शेवटची तीन वर्षं थोडक्यात आटोपतो, कारण ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. ऑक्टोबर 1216 मध्ये जॉन वारला, मागे नऊ वर्षांचा हेन्री तिसरा. लंडनसह बराच मुलूख फ्रेंच राजपुत्र लुईकडे. सत्तरीतल्या विल्यमने आधी वयाचं कारण सांगून आढेवेढे घेतले, मग कारभार पत्करला. मुलाला खांद्यावर घेऊन बेटाबेटांतून भीक मागत फिरेन पण सोडणार नाही, असं तो बोलल्याचं चरित्रात आहे. 20 मे 1217 रोजी लिंकनला त्याने स्वतः घोड्यावर बसून हल्ला केला. घाईत शिरस्त्राण घालायलाच विसरला होता, एका सेवकाने आठवण केली. थोरला मुलगा तोवर बापाकडे परतला होता आणि त्या लढाईत बरोबर होता. सप्टेंबरात लुई तह करून निघून गेला. मॅग्ना कार्टा जॉनच्या हयातीतच रद्द ठरली होती, ती विल्यमच्या शिक्क्याने 1216 आणि 1217 मध्ये पुन्हा निघाली. आज ती आपल्याला माहीत आहे, याचं मोठं श्रेय या म्हाताऱ्याचं आहे, असं मी मानतो.

आता घराणं संपलं कसं. विल्यमच्या मागोमाग 1220 मध्ये इझाबेल गेली. मग एकेक मुलगा. थोरला विल्यम 1231 मध्ये. त्याची दुसरी बायको राजाची बहीण एलिनोर, तेव्हा सोळा वर्षांची, पण मूल नाही. रिचर्डने राजाशी भांडण काढलं, आयर्लंडमध्ये करहच्या माळावर घेरला गेला आणि 1234 च्या एप्रिलमध्ये किलकेनीत जखमांनी मेला. गिल्बर्टला धर्मकार्यासाठी वाढवलं होतं. थोरले गेल्यावर त्याला अर्ल व्हावं लागलं, आणि 1241 मध्ये हर्टफर्डजवळच्या टूर्नामेंटमध्ये लगाम तुटून घोड्याने त्याला फरफटत नेलं. ज्या खेळाने बापाला वर आणलं, त्यातच मुलगा गेला. वॉल्टर 1245 च्या नोव्हेंबरात, अँसेल्म महिन्याभरात, त्याच डिसेंबरात. पाचांपैकी एकालाही औरस मूल नव्हतं. सेंट ऑल्बन्सचा इतिहासकार मॅथ्यू पॅरिस सांगतो की विल्यमने आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपच्या दोन जहागिऱ्या बळकावल्या होत्या आणि त्याचा शाप भोवला. लोकांचा त्यावर विश्वास बसणं स्वाभाविक होतं. माझ्या दृष्टीने शापापेक्षा एवढंच दिसतं की लढाई, खेळ आणि आजार यांनी पाच भावांना एकापाठोपाठ एक गाठलं.

पण ‘संपलं’ हा शब्द मी तुमच्याकडून परत घेईन. नाव संपलं, रक्त नाही. मुलगे असतील तर थोरला सगळं घेतो. मुलगे नसतील तर मुली सारख्या वाटून घेतात, हा इंग्लंडचा कायदा. 1247 मध्ये लेन्स्टरचे पाच वाटे झाले. मॉडच्या शाखेकडे कार्लो, इझाबेलच्या मुलाकडे किलकेनी, सिबिलच्या वंशाकडे किल्डेअर, ईव्हाच्या वंशाकडे डनामेस, जोनच्या वंशाकडे वेक्सफर्ड. सिबिलला सात मुलीच होत्या, त्यामुळे तिच्या पंचमांशाचे पुन्हा सात तुकडे. स्ट्राँगबोने एकसंध मिळवलेला मुलूख असा विखुरला. मार्शलचं पद थोरल्या मॉडकडे आणि तिच्या मुलाकडे, नॉरफोकच्या अर्लकडे गेलं. मध्ये ते राजाकडे परत जाऊन पुन्हा दिलं गेलं, पण आजही अर्ल मार्शल हा नॉरफोकचा ड्यूकच असतो. 2022 मधली राणी एलिझाबेथची अंत्ययात्रा आणि 2023 चा राज्याभिषेक त्यानेच पार पाडला. इझाबेलची मुलगी ब्रूस घराण्यात दिली होती. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हा त्या मुलीचा नातू. ज्या मुलींची लग्नं आपल्याला सौदे वाटतात, त्यांच्यामुळेच हे घर पुढे चालू राहिलं.

राहिली माया. त्यासाठी 1219 च्या वसंतात या. टॉवरमध्ये आजारी पडलेल्या विल्यमला टेम्स नदीतून नावेने रेडिंगजवळच्या कॅव्हर्शमला नेलं, कारण त्याला आपल्या घरी मरायचं होतं. त्याने मृत्युपत्र केलं. थोरल्यांच्या जमिनी ठरलेल्याच होत्या. सगळ्यांत धाकट्या अँसेल्मला तो काही द्यायला तयार नव्हता. जगला तर माझ्यासारखं मिळवील, म्हणाला. जॉन ऑफ अर्लीने रदबदली केली तेव्हा त्याला 140 पौंड उत्पन्नाची जमीन दिली. जोनचं लग्न व्हायचं होतं, ते त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं. तिच्यासाठी 30 पौंडांची जमीन आणि 200 मार्क. एका धर्मोपदेशकाने सुचवलं की कोठारात ठेवलेले ऐंशी उंची झगे विकून दानधर्म करा. विल्यम संतापला. पेंटेकॉस्टचा सण तोंडावर आला होता आणि त्या सणाला पदरच्या नाइटांना नवे कपडे मिळायचे. हे त्यांना माझ्याकडून शेवटचे, असं त्याने बजावलं. पकडलेल्या पाचशे नाइटांचे पैसे परत केल्याशिवाय मोक्ष नाही, असंही कोणी म्हणालं. ते आता मी परत करू शकत नाही, मी स्वतःला देवावर सोपवलंय, एवढंच त्याचं उत्तर.

टेंप्लर या योद्धा-संन्याशांच्या पंथाची दीक्षा घेण्यासाठी त्याने वर्षभरापूर्वी गुपचूप झगा शिवून ठेवला होता. तो आणवला. टेंप्लर झालं की बाईला स्पर्श चालत नाही. त्याने इझाबेलला जवळ बोलावलं आणि म्हणाला, सखे, आता मला एकदा कवेत घे, यापुढे कधी घेता येणार नाही. ती पुढे झाली, दोघंही रडली, मुली रडल्या. तीस वर्षांपूर्वी राजाने बक्षीस म्हणून देऊन टाकलेली ती मुलगी हीच.

त्याच आजारपणातला एक दिवस. विल्यमला गावंसं वाटलं. जॉन ऑफ अर्लीला म्हणाला, तीन वर्षांत गाण्याची इच्छा झाली नव्हती, आज झाली. जॉन म्हणाला, मग गा. विल्यम म्हणाला, नको, लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग कोणीतरी सुचवलं, मुलींना बोलवू. थोरली मॉड मनात नसताना बापासाठी गायली. मग बाप जोनकडे वळला. ती बुजत, घाबरत, अर्ध्या आवाजात गायली. विल्यमने तिला थांबवलं, गाताना असं लाजायचं नाही, असं म्हणाला, आणि ते कडवं कसं म्हणायचं ते तिला शिकवलं.